कुत्रे गच्चीवर आणून ठेवावेत

माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने माझ्याशी वाद घालणे बंद केले, या घटनेचे गांभीर्य आमच्या घरात मला एकट्यालाच जाणवले. माझी पत्नी दंतवैद्य आहे. ज्यांना उत्तर देता येत नाही अशा माणसांशी दिवसभर बोलण्याची तिला सवय असल्यामुळे घरात पसरलेल्या शांततेत तिला काहीही वावगे दिसले नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता जेवण गरम असेपर्यंत संपेल तरी."

हे मत मला मान्य नव्हते. मी एका मोठ्या कार्यालयात मसुदे तपासण्याचे काम करतो. दुसऱ्यांनी रचलेले शब्दांचे ढिगारे सकाळी माझ्या टेबलावर येतात आणि संध्याकाळी वाक्ये होऊन परत जातात. प्रौढ, रेखीव आणि अर्थाला घट्ट धरून चालणारे गद्य ही माझी श्रद्धा आहे. आणि असे गद्य वादाच्या व्यायामाशिवाय सुटते, त्याचे पोट पुढे येते, हा माझा अनुभव आहे. परंतु वाद घालायचा कोणाशी? कार्यालयात मी समोरून येताना दिसलो की सहकाऱ्यांना चहाची तल्लफ येते. पत्नी कोणत्याही विधानाला "बरं" म्हणते, आणि "बरं" या शब्दाचे खंडन करण्याची युक्ती मला अद्याप सापडलेली नाही. राहता राहिली माऊ. बोलू लागल्यापासून या मुलीने माझे एकही विधान विनाचौकशी घरात येऊ दिलेले नव्हते.

म्हणूनच त्या दिवशी जेवताना मी मुद्दाम एक विधान तिच्या पुढ्यात टाकले. "संकट आले की शहामृग वाळूत डोके खुपसतो," मी म्हणालो. एरवी या वाक्यावर "कोणी बघितलं? मग तो श्वास कुठून घेतो? आणि संकट आलंय हे त्याला आत कसं दिसतं?" अशी उलटतपासणी सुरू झाली असती. माऊने टेबलाखाली मोबाईलवर बोटे चालवली आणि सांगितले, "खुपसत नाही. घरट्यातली अंडी फिरवायला मान खाली घालतो."

"हे कोण म्हणते?"

"एआय."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार?" तिने पाण्याचा पेला उचलला. "बाबा, त्याला सगळंच माहीत असतं. मग मी कशाला डोकं चालवायचं?"

एवढे बोलून ती जेवू लागली. तिच्या स्वरात रुसवा नव्हता, आव्हान नव्हते. पोक्त माणसे गुडघेदुखीबद्दल बोलतात तसा तो समजूतदार स्वर होता. अधिक चौकशी करता असे समजले, की दुसऱ्या मजल्यावरच्या क्लासवाल्या बाईंनी खेळायला जमलेल्या मुलांना भविष्यकाळ समजावून सांगितला होता: पुढे विचार करण्याची सगळी कामे यंत्रेच करणार, टिकणार फक्त तीच मुले, जी आत्तापासून बाईंच्या क्लासला येतील. आमची कन्या क्लासला जात नसल्यामुळे तिने या सिद्धान्ताचा पूर्वार्ध तेवढा घरी आणला होता.

मुलीला भविष्याची भीती वाटते आहे, असे मी पत्नीला सांगितले. तिने माझ्याकडे दाढ तपासावी तसे पाहिले. "भीती तुम्हाला वाटतेय," ती म्हणाली. "पण करा काहीतरी. गप्प बसून तुम्ही दोघंही विचित्र दिसता."

मी विचार केला. ज्या वस्तूच्या आत काय आहे हे आपण पाहिलेले असते, तिच्यापुढे आपण हात जोडत नाही. तेव्हा इमारतीतल्या मुलांना एकत्र करावे आणि त्यांच्याकडूनच एक यंत्रबुद्धी बनवून घ्यावी. वीज नाही, पडदा नाही. कागद, कात्री आणि मुले. या उपक्रमास मी 'यंत्रबुद्धी परिचय वर्ग' असे नाव दिले आणि सोसायटीच्या हॉलसाठी अर्ज करण्यास सेक्रेटरींकडे गेलो.

आमचे सेक्रेटरी पंखेविक्रीच्या व्यवसायात असल्यामुळे कोणत्याही विषयाभोवती गरगरा फिरतात, परंतु जागचे हलत नाहीत. हॉलच्या अर्जात कारणाचे चार पर्याय आहेत: विवाह, वाढदिवस, शोकसभा आणि इतर. 'इतर'पुढे कंसात लिहिले आहे, 'या कारणासाठी हॉल मिळणार नाही'. ही रचना माझी नाही.

"मग हा पर्याय ठेवला कशाला?" मी विचारले.

"लोकांना कळावं म्हणून. नाहीतर ते विचारत बसतात."

"मग शोकसभा लिहा."

"कोणाची?"

"मानवी बुद्धीची."

सेक्रेटरींनी पेन उचलले आणि थांबले. "फ्लॅट नंबर काय लिहू?"

शेवटी आमच्या वर्गाची नोंद वाढदिवस म्हणून झाली. वाढदिवसास हॉलमधील पंख्यांना फुगे बांधता येत नाहीत आणि ते बांधलेले नाहीत याची खातरजमा स्वतः सेक्रेटरी कार्यक्रम चालू असताना करतात. फुगे नसलेच तर खातरजमा कशाची करणार, हा मुद्दा मी मांडला. तो विचाराधीन आहे, असे मला सांगण्यात आले.

ही बातमी जिन्यातून आमच्या आधी वर पोहोचली. शेजाऱ्यांची एक जात अशी असते, की आपण खुंटी ठोकायला घेतली तरी ती हातोडीच्या पुढच्या भविष्याबद्दल बोलते. वरच्या मजल्यावरचे भूलतज्ज्ञ, जे एरवी कोणाशीही पूर्ण शुद्धीत बोलत नाहीत, त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठून मुलांना आधी गणित द्या असे बजावले. पोपटवाल्या काकूंनी त्यांच्या पोपटाला वर्गात बसू द्यावे असा आग्रह धरला, कारण न समजता बोलण्याचा त्याला दांडगा अनुभव आहे. हा मला त्या आठवड्यातला सर्वांत शास्त्रशुद्ध सल्ला वाटला. क्लासवाल्या बाई मात्र दारातच उभ्या राहिल्या.

"कॉम्प्युटर कुठे आहेत तुमचे?"

"नाहीत."

"मग मुलांना एआय शिकवणार कशानं?"

"कात्रीनं," मी म्हणालो.

बाई जिना उतरताना कोणाला तरी फोनवर "हो, हो, कात्रीनं, तेच म्हणाले" असे सांगत होत्या. माझ्या विद्वत्तेचा असा अवमान पूर्वीही झालेला आहे; तरी तो जिन्यात होऊ नये, तिथे आवाज घुमतो.

आता यंत्राची रचना सांगतो. यंत्राला आधी पुष्कळ लिखाण खाऊ घालावे लागते. त्यातल्या कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो, हे ते लक्षात ठेवते आणि पुढे स्वतः बोलताना शब्दाला शब्द जोडत जाते. खऱ्या यंत्रांचा कारभार याहून फार अवाढव्य आणि गुंतागुंतीचा असतो, हे मी मुलांना प्रामाणिकपणे सांगितले. परंतु पिंड हाच. आमच्या यंत्रासाठी लिखाण हवे होते. माझ्या कपाटात अभिजात गद्याचे ग्रंथ आहेत. मुलांनी तेच मागितले. त्या ग्रंथांना कात्री लावण्याची कल्पना ऐकून मी कपाटाला पाठ लावून उभा राहिलो. त्याऐवजी मी त्यांना सोसायटीच्या जुन्या नोटिसांचा गठ्ठा दिला. या नोटिसा गेली कित्येक वर्षे मीच लिहितो. त्यांतले गद्य निर्दोष आहे आणि त्यांच्या प्रती मुबलक आहेत.

मुलांनी त्या कापल्या. प्रत्येक शब्दासाठी एक पाकीट केले आणि त्या पाकिटात, त्या शब्दानंतर नोटिसांत जे जे शब्द आले होते, ते सगळे टाकले. 'सर्व' या पाकिटात फक्त 'सभासदांना' निघाला. 'पाणीपुरवठा'च्या पाकिटात 'बंद' इतका भरला होता की ते फाटले. मुले ओळीने बसली. प्रश्न आला की माऊने त्यातला मुख्य शब्द उचलायचा आणि नोटिशीत एरवी टाकी, लिफ्ट किंवा गाद्या जिथे येतात त्या जागी बसवायचा. बाकीच्यांनी एकामागून एक आपापल्या पाकिटात हात घालून एकेकच शब्द जोडत जायचे. अर्थाचा विचार करण्यास सक्त मनाई होती.

"आकाश निळं का असतं?" पहिला प्रश्न मीच विचारला. शब्द सरकत सरकत ओळीच्या शेवटाला पोहोचले आणि सुंदर अक्षर असलेल्या मुलीने उत्तर कागदावर उतरवून वाचून दाखवले:

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आकाश तांत्रिक कारणास्तव बंद राहील. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

मुले हसून एकमेकांच्या अंगावर कोसळली. "अभ्यास का करायचा?" कोणीतरी विचारले. उत्तर आले, "अभ्यास जिन्यात ठेवू नये. ठेवल्यास उचलून नेण्यात येईल." आई केव्हा रागावते, या प्रश्नावर यंत्राने कळवले की आई सोमवारी सकाळपासून धुण्यात येणार असून सभासदांनी सहकार्य करावे.

माऊ हसत नव्हती. ती हातातल्या 'आकाश' या चिठ्ठीकडे पाहत होती. मग कितीतरी दिवसांनी तिने माझ्याकडे मान वळवली. "बाबा, ह्याला आकाश म्हणजे काय ते माहीत आहे का?"

हा प्रश्न ऐकण्यासाठी तर मी हा सगळा खटाटोप मांडला होता. मी उत्तरासाठी तोंड उघडले, आणि नेमक्या त्याच क्षणी दारातून सेक्रेटरी म्हणाले, "फुगे तपासायचे आहेत."

येथे सुज्ञ माणूस "तपासा" म्हणाला असता. परंतु नसलेल्या फुग्यांची तपासणी हा तत्त्वाचा प्रश्न होता. मी सेक्रेटरींना जिन्यात घेऊन गेलो आणि तिथे आमची जी चर्चा झाली, ती दोन्ही बाजूंनी इतकी सकस होती की मी परत आलो तेव्हा वर्ग संपला होता, मुले गेली होती आणि वॉचमन खुर्च्या रचत होता.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, कार्यालयातून परतताना मला नोटीस बोर्डावर एक नवी नोटीस दिसली. सुवाच्य अक्षरात लिहिले होते: 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, कुत्रे रविवारी सकाळी गच्चीवर आणून ठेवावेत. अन्यथा कार्यवाही करण्यात येईल. याची नोंद घ्यावी.' मी ती दोनदा वाचली. ती सेक्रेटरींनी लावली असावी, असे मी गृहीत धरले, आणि माझा सहवास अखेर त्यांना लाभदायक ठरतो आहे याचा मला आनंद झाला. वाक्ये आटोपशीर होती. 'अन्यथा'चा ठसा योग्य जागी उमटत होता. कार्यालयात निर्दोष मसुद्याच्या कोपऱ्यात मी लाल पेनाने बरोबरची खूण करतो. हात सवयीने खिशाकडे गेला आणि तशी खूण मी त्या नोटिशीवर केली. आमच्याकडे कुत्रा नाही. मी वर गेलो आणि विषय संपला.

रविवारी सकाळी जिन्यातून नखांचा आवाज येऊ लागला. मी दार उघडले तेव्हा इमारतीतली समस्त कुत्री आपापल्या मालकांना घेऊन वर निघाली होती. क्लासवाल्या बाईंच्या हातात कुत्र्याच्या लसीकरणाचे प्रमाणपत्र होते आणि दुसऱ्या हातात कुत्रा. पोपटवाल्या काकूंनी मला थांबवून विचारले, "नोटिशीत पोपटाचं काही नाही ना? मग आम्ही सुटलो?" भूलतज्ज्ञांकडे कुत्रा नव्हता, परंतु 'अन्यथा' वाचून त्यांची झोप उडाली होती. त्यांनी मेहुण्याचा कुत्रा मागून आणला होता आणि त्या कुत्र्याला ते कोण हे ठाऊक नव्हते.

पुढे गच्चीवर काय झाले त्याचे सविस्तर वर्णन मी करणार नाही. अनोळखी कुत्र्यांना एका बंद जागेत, कोणताही कार्यक्रम न आखता जमवले तर ती जे करतात तेच त्यांनी केले. मालक कठड्याला टेकून कार्यवाही सुरू होण्याची वाट पाहत राहिले. ती कोण करणार, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी खाली जाऊन विचारायलाही तयार नव्हते, कारण आपण गेलो आणि तेवढ्यात आपला नंबर लागला तर? शेवटी मेहुण्याच्या कुत्र्याने टाकीचा पाईप दातांत धरला आणि तो निकराने ओढला.

पाईप निसटला, गच्चीवर तळे झाले आणि सेक्रेटरी ओरडत वर आले, तेव्हा कुठे उलगडा झाला. अशी कोणतीही नोटीस सोसायटीने काढलेलीच नव्हती. मी जिन्यात फुग्यांवर बोलत असताना मुलांनी यंत्राला शेवटचा प्रश्न विचारला होता, "कुत्रे का भुंकतात?" गाद्या उन्हात घालण्याच्या माझ्या एका जुन्या नोटिशीच्या बळावर यंत्राने त्याचे उत्तर दिले होते. तो कागद टेबलावर राहिला आणि वॉचमनने उचलून बोर्डावर लावला. 'सर्व सभासदांना' या शब्दांनी सुरू होणारा कोणताही कागद बोर्डावर लावणे, हे त्याचे कामच आहे.

लोक कुत्र्यांसह खाली उतरले ते एक शपथ घेऊनच: आता बोर्डावरच्या कशावरही विश्वास ठेवायचा नाही. आणि त्याच दुपारी सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने एक कागद लावला. 'पाईप तुटला. पाणी नाही. भरून ठेवा जेवढं असेल ते.'

या लिखाणाची दखल कोणीही घेतली नाही. मीही घेतली नाही. ज्यात कोण कळवतो, कोणास कळवतो आणि नोंद घ्यावी की नाही यांपैकी काहीच नाही, त्या मजकुराला नोटीस म्हणणे हे भाषेच्या सभ्यतेस धरून नाही, असे मी पत्नीला सांगितले आणि अंघोळीला गेलो.

अंगभर साबण लागल्यावर नळाने एक दीर्घ निःश्वास टाकला आणि मौन पाळले.

"अहो, झालं का?" पत्नीने बाहेरून विचारले.

"पाणी गेले आहे."

"बोर्डावर लिहिलं होतं," ती म्हणाली.

डोळ्यांत साबण असताना माणसाने बाणेदार उत्तर द्यावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. शेवटी तिने पिण्याच्या पाण्याचे भांडे दारातून आत सरकवले आणि तेवढ्या पाण्यात मी माझी प्रतिष्ठा, निदान डोळ्यांपुरती, धुऊन घेतली.

संध्याकाळी तातडीची सभा बोलावण्यात आली. हॉलच्या अर्जात ती शोकसभा म्हणून नोंदवली गेली, यात मला थोडी अतिशयोक्ती दिसली. सेक्रेटरींनी दोन ठराव वाचले: मुलांचा तो एआयचा वर्ग कायमचा बंद, आणि यापुढे नोटिसा मी लिहायच्या नाहीत.

"मी म्हटलंच होतं," क्लासवाल्या बाई म्हणाल्या. "मुलांच्या हाती हे द्यायलाच नको. आणि द्यायचंच असेल तर शास्त्रशुद्ध द्या. माझ्याकडे एआयच्या आणि एआयविना, दोन्ही बॅच आहेत."

माऊ मागच्या रांगेत आईजवळ बसली होती. वर्ग बंद होणार, हे तिने ऐकले होते. तरी ती खाली पाहत होती. तिने वर्गात मला विचारलेला तो एक प्रश्न अजून अनुत्तरित होता. वर्ग बंद झाला असता तर तो पुन्हा विचारला जाण्याची शक्यताही संपली असती. मी उभा राहिलो.

"दोष ना मुलांचा आहे, ना माझ्या गद्याचा," मी म्हणालो. "दोष सर्वस्वी यंत्राचा आहे. यंत्राला शब्द मिळतो, अर्थ मिळत नाही. त्यामुळे ते असत्य बोलले. मुलांना हेच शिकवायचे होते, की यंत्राचे ऐकू नये."

"बाबा, हे चूक आहे," मागून आवाज आला.

माऊ उभी होती. माझ्या पाठीतून जी शिरशिरी गेली, तिला मी अपमान म्हणू शकत नाही.

"बाळ, खाली बस," सेक्रेटरी म्हणाले. "सभेत फक्त सभासदांनी बोलायचं. नियम आहे."

"नियमात 'सभासद अथवा त्याचा प्रतिनिधी' असे आहे," मी म्हणालो. "तो मसुदा माझा आहे. ती माझी प्रतिनिधी आहे."

"पण ती तर तुमच्याच विरुद्ध बोलतेय."

"प्रतिनिधीने कोणत्या बाजूने बोलावे, याबाबत नियम मौन पाळतो. बोल."

"मशीन खोटं नाही बोललं," माऊ म्हणाली. आधी तिचा आवाज बारीक होता. "त्याला आपण फक्त नोटिसाच दिल्या होत्या. नोटिशीत एक तर काहीतरी बंद असतं, नाहीतर काहीतरी गच्चीवर न्यायचं असतं. मग ते दुसरं काय म्हणणार? बाबांनी पुस्तकं कापू दिली नाहीत. आणि बोर्डावर काही ते मशीन चालत गेलं नव्हतं. कागद माणसांनी लावला, माणसांनी वाचला. कुत्रे गच्चीवर कशाला न्यायचे, असं कोणी विचारलं का?"

"भाषा इतकी छान होती," भूलतज्ज्ञ हळूच म्हणाले, "की विचारावंसंच वाटलं नाही."

माझ्या गद्याची इतकी मोठी स्तुती आणि इतकी मोठी निंदा मी एका वाक्यात कधीही ऐकली नव्हती.

"आणि पाणी जाणार हे खरं होतं," माऊ पुढे म्हणाली, "ते कोणी मानलं नाही, कारण ते नीट लिहिलं नव्हतं. सॉरी, सेक्रेटरी काका."

"नाही, नाही, बरोबर आहे," सेक्रेटरी म्हणाले. "माझं मराठी आधीपासूनच तसंच."

"आणि बाबांनी तर त्या कुत्र्यांच्या नोटिशीवर लाल खूण केली होती."

सभेने माझ्याकडे मान वळवली. वॉचमनकडून तो कागद मागवण्यात आला आणि रांगेतून फिरवण्यात आला. प्रत्येकाने खूण पाहिली, मग मला पाहिले. मी ताठ उभा राहिलो. माणसाला ताठ उभे राहण्याखेरीज काही उरत नाही तेव्हा ते तरी नीट करावे.

"मी पण विचारलं नाही," माऊ म्हणाली, आणि आता ती सभेशी बोलत नव्हती. "शनिवारी बोर्डावर ती वाचली तेव्हा मला हसूच आलं, कारण ती आमचीच होती. मी सांगणार होते सगळ्यांना. मग बाबांची खूण दिसली. म्हटलं, बाबांनी तपासलंय म्हणजे असेल काहीतरी."

मोबाईलने माझी जागा घेतली आहे, या दुःखात मी कित्येक दिवस काढले होते. प्रत्यक्षात तिने आम्हा दोघांना एकाच उंचीवर नेऊन बसवले होते, आणि मला तिथून खाली उतरायचे होते.

"तुझे म्हणणे मला मान्य आहे," मी म्हणालो. "विचारायला हवे होतेस. मलाही विचारायला हवे होतेस."

"पण बाळा," क्लासवाल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "उद्या सगळी कामं मशीनच करणार ना? मग तुम्हा मुलांना काय उरणार, हा प्रश्न आहे."

माऊने थोडा विचार केला. "सकाळी सगळे गच्चीवर होते," ती म्हणाली. "सगळे काही ना काही करत होते. 'का' विचारायचं काम मात्र कोणीच करत नव्हतं. म्हणजे ती जागा रिकामी आहे ना? मी घेते ती. बाकीचे पण येतील. पुष्कळ काम आहे."

पोपटवाल्या काकूंनी टाळी वाजवली आणि मग इकडेतिकडे पाहून हात मांडीवर ठेवले. दोन्ही ठराव फेटाळले गेले. तिसरा एकमताने मंजूर झाला: वर्ग चालू राहील, नोटिसा मीच लिहीन, परंतु कोणतीही नोटीस, ती माणसाची असो वा यंत्राची, बोर्डावर लागण्याआधी मुलांपुढे ठेवली जाईल आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे मिळाल्यावरच लागेल.

माझा पहिला मसुदा लिफ्टच्या देखभालीचा होता. एका ओळीचा, नितळ, बिनतोड. जेवताना मी तो माऊपुढे ठेवला. तिने मोबाईल काढला, लिफ्टची देखभाल कशी करतात हे यंत्राला विचारले, त्याचे उत्तर वाचले आणि ते तिला पटले नाही म्हणून त्याला आणखी दोन प्रश्न टाकले. मग ती माझ्याकडे वळली. लिफ्ट नेमकी कशासाठी बंद? सकाळीच का, दुपारी का नाही? वरच्या मजल्यावर कोणाला गुडघ्याचा त्रास असेल तर त्यांनी काय करायचं, आणि हे तुम्ही सेक्रेटरी काकांना विचारलंत का? मी विचारले नव्हते. नोटिशीचे कार्य कळवणे हे आहे, समजावणे नव्हे, अशी भूमिका मी घेतली. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. आमटी निवली, भात निवला. पत्नीने आपले ताट धुऊन ठेवले तेव्हा आम्ही 'कळवणे' म्हणजे काय इथपर्यंत पोहोचलो होतो, आणि मी हरत होतो.

माऊ मसुदा घेऊन आत गेल्यावर मी पत्नीला म्हणालो, "एक गोष्ट उलगडत नाही. तो मोबाईल तर अजून तिच्याजवळच आहे. त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मग ती पुन्हा माझ्याशी का भांडते?"

"त्याला 'चुकलास' म्हटलं की तो लगेच माफी मागतो," पत्नी हात पुसत म्हणाली. "त्यात काय मजा? तिला समोर चुकणारा माणूस लागतो, आणि चुकल्यावर कबूल न करणारा. तुमच्या नोकरीला काही धोका नाही."

या विधानात किमान तीन दोष होते. त्यांतला पहिला मी सांगणार, इतक्यात आतून आवाज आला, "आई, तुझं बरोबर आहे, पण कारण चुकीचं आहे. बाबा, थांबा, आधी मी बोलणार."

ती खुर्ची ओढून बसली. मी माझे ताट बाजूला सरकवले.